रिबार्झोवा, मुक्काम थोरलं घर

पाकिटावरचं आडनाव वाचून झालं की मास्तर चष्मा कपाळावर चढवीत, डोळे मिटत आणि पाकीट नाकाशी नेऊन हलकेच हुंगत. नवख्याला वाटे, आतल्या मजकुराचा वास घेतायत. तसं नव्हतं. आतल्या मजकुरात मास्तरांना काडीचा रस नव्हता. ते आडनाव हुंगत. मग डोळे मिटलेलेच ठेवून म्हणत, "ह्येचा मूळ माका म्हायत आसा."

हात बघणारे, पत्रिका बघणारे, नाडी बघणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. आमचे मास्तर आडनाव बघत. "आडनाव सांग, मी तुका तुझो पणजो दाखवतंय," हे त्यांचं भेटलेल्या माणसाला पहिलं वाक्य. पणजा कुणाला नको असतो? माणूस थांबे, आणि एकदा थांबला की तासभर सुटत नसे.

त्यांचा सिद्धान्त सोपा होता. उत्तरेला खारेपाटण, दक्षिणेला आरोंदा. माणूस म्हणून जो काही निर्माण झाला, तो ह्या दोहोंच्या मधल्या पट्टीत. बाकी जगात जे दिसतात ते इथूनच कधीतरी उठून गेलेले. कुणी भावाशी भांडून गेला, कुणी दुष्काळात गेला, कुणी गलबतावर चढला तो उतरायचाच विसरला. पुण्याचे, काशीचे, विलायतेचे, सगळे त्यातलेच. "गेले ते गेले," मास्तर म्हणत, "मूळ हयच रवला."

साठ साल उजाडायला दोन-तीन वर्षं होती तेव्हा मी त्या गावात पोस्टमन म्हणून गेलो. मी तापीकाठचा. शाळा सहावीत सुटली, तीही सहावी अर्धीच. पुढे बरीच वर्षं मिळेल ते काम केलं. एका लांबच्या मामाच्या ओळखीने टपालखात्यात चिकटलो आणि खात्याने मला जमीन संपते तिथे नेऊन सोडलं. खाडीकाठचं गाव, समोर पाण्यापलीकडे वालावल. एवढं पाणी मी एका जागी कधी पाहिलं नव्हतं. माणसं बोलत ते मराठीच होतं म्हणतात, पण मला त्यातलं आठ दिवस 'चाय' एवढंच कळलं. नोकरी कायम नव्हती. पत्र भिजेल, सही चुकीच्या रकान्यात पडेल, होडीतून उतरताना थैली पाण्यात जाईल, अशा धास्त्या मी सकाळी थैलीबरोबरच खांद्याला अडकवीत असे.

पोस्ट म्हणजे मास्तरांची पडवी. ते आधी शाळेत मास्तर होते, निवृत्त झाल्यावर गावच्या टपालाचे मास्तर झाले. त्यामुळे गावाला हाक बदलावी लागली नाही. मी पहिल्या दिवशी हजर झालो तेव्हा सकाळपासून दोन घरांनी मला खोली नाकारली होती. घाटावरचा, एकटा, कोण कुठला.

मास्तरांनी विचारलं, "आडनाव काय रे?"

"कोल्हे."

जवळ पाकीट नव्हतं म्हणून त्यांनी माझा नेमणुकीचा कागदच हुंगला. पडवीवर चार माणसं टपालासाठी बसली होती. त्यांच्याकडे वळून मास्तरांनी जाहीर केलं की कोल्हे हे खाडीच्या ह्याच अंगाचे, मिठाचे बैल हाकणारे; एका वर्षी मीठ घेऊन घाट चढले आणि वर पाऊस असा लागला की परतणं झालं नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू परको नाय रे. तू परत इलंस."

संध्याकाळपर्यंत मला खोली मिळाली, चटई मिळाली आणि ताटात माशाचं कालवण आलं, जे खायची सवय व्हायला मला पुढे तीन महिने लागले. खरं सांगायचं तर आमच्या घराण्यात मिठाचे बैल कुणी पाहिलेले नव्हते. आजोबा दुसऱ्याच्या मळ्यात केळीला पाणी देत. पण मी नाही म्हटलं नाही. डोक्यावर छप्पर मिळत असेल तर माणूस पणजा बदलायला तयार होतो.

गावही तयार होतं. मी तिथे रुळेपर्यंत साध्या शेतकऱ्याच्या पोटचा एकही माणूस गावात शिल्लक राहिला नव्हता. शिंपी होता तो कुठल्याशा किल्लेदाराचा वंशज निघाला. सोडावॉटरवाल्याचा मूळपुरुष आरमारात तोफेवर होता. एवढे सरदार एका गावात नांदतायत म्हटल्यावर नांगर कोण धरत असेल, हा प्रश्न मला पडे. नांगर सगळेच धरत. फक्त सरदारासारखे, उन्हं वर आल्यावर.

टपालसुद्धा मास्तर मुळाप्रमाणे लावत. गावात परबांची दोन घरं होती आणि त्यांच्यात मधल्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, बोलणं बंद होतं. धाकट्या घराचं पत्र आलं की मास्तर ते मला थोरल्या भावाकडे द्यायला लावत. का, तर मूळ घर ते. थोरला भाऊ शिव्या घालत ते पत्र गडग्यावरून पलीकडे टाकी. "पत्र पोचता," मास्तर मला समजावत, "उशिरा पोचता, पण मुळावरसून पोचता." एका वर्षी ह्या पद्धतीची तक्रार वर गेली आणि तपासणीला इन्स्पेक्टरसाहेब आले. मी रात्रभर जागा होतो. मास्तरांनी साहेबांना पाणी दिलं आणि आडनाव विचारलं. दुपारी साहेब निघाले तेव्हा खारेपाटणच्या बंदरावर आपल्या खापरपणजाची वखार नेमकी कुठे होती, हे त्यांना पाठ झालं होतं. शेऱ्याच्या वहीत त्यांनी 'काम समाधानकारक' असं लिहिलं आणि खाली सही नेहमीपेक्षा मोठी केली.

एकदाच मी धीर करून विचारलं, "मास्तर, तुमचं मूळ कुठलं?"

ते पाकिटं लावत होते. म्हणाले, "माझा मगे बघूया. वयल्या वाडीचा टपाल खंय आसा?"

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. पडवीवर ते सुचेल ते बोलत, आणि सुचलं की ते त्यांना खरंच वाटे. पण देवळात तसं नसे. गावच्या जत्रेला देवापुढे गाऱ्हाणं घालायचा रिवाज होता. एकाने गावातर्फे देवाशी बोलायचं: कुणाच्या घरी नवी सून आली, कुणाला मूल झालं, कोण वारलं, त्या माणसाचं मूळ अमुक, त्याला सांभाळ. आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." गाऱ्हाण्यात नाव आलं की माणूस गावचा आणि घरचा झाला, मग देवासमोर कबूल केलेलं कुणी माघारी घेत नसे. हा मान ज्या घराचा होता ते घर मुंबईत होतं, म्हणून मान त्यांचा आणि आवाज मास्तरांचा, अशी तडजोड झालेली होती. मास्तर त्याआधी महिनाभर घरोघर फिरून एकेक नाव पारखून घेत. देवासमोर ते हुंगलेलं बोलत नसत, विचारलेलं बोलत.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय तिथे येतो.

माडांच्या भाटातलं थोरलं घर म्हणजे गावातलं वजनदार घर. घरात माणसं दोन. माई, आणि त्यांचा एकुलता मुलगा सदानंद. माई लवकर विधवा झाल्या होत्या. भातशेती, माड, कुळं, सगळं त्यांनी एकटीने चालवलं आणि मुलाला शिकवलं. तो मुंबईला एका कारखान्यात लागला. कारखान्याने त्याला यंत्रांचं काम शिकायला तीन वर्षं चेकोस्लोव्हाकियात पाठवलं. त्या तीन वर्षांत माई दर आठवड्याला मला पाणंदीत गाठून विचारत, "माझ्या झिलाचा इला काय रे?" पत्र असलं की त्या दिवशी माझ्या हातावर काही ना काही खायला पडे.

तीन वर्षांनी झील आला, आणि बरोबर सून आली. उंच, गोरी, उन्हाने नाक लाल झालेली. नाव व्लास्ता. तिला पाचवा महिना होता.

माईंनी ओवाळलं. पण पडवीच्या कडेची खोली दिली, जिथे पूर्वी पेंढ्यात बांधलेल्या भाताच्या मुड्या ठेवत. जेवण तिथेच, वेगळ्या पानावर. स्वयंपाकघरात यायचं नाही, बावडीवरचं पाणी काढायचं नाही. "मूळ कळल्याशिवाय मी तिच्या हातचा पाणी पिवचंय नाय," एवढंच त्यांचं म्हणणं. सदानंदने आठ दिवस समजावलं आणि मग तोही त्यांचाच मुलगा असल्याचं त्याने दाखवलं. जत्रेच्या गाऱ्हाण्यात बायकोचं नाव सून म्हणून आलं तर ठीक. नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या बोटीने दोघं जाणार आणि पुन्हा ह्या घराची पायरी चढणार नाहीत. मूलही तिकडेच होईल. जत्रेला बारा दिवस होते.

ह्यात मी सापडलो तो एका रजिस्टर पाकिटामुळे. वर लिहिलेलं होतं, व्लास्ता रिबार्झोवा. अक्षरं इंग्रजी, त्यांच्या डोक्यावर माश्या बसल्यासारखी टिंबं आणि चोची. मास्तरांनी हुंगलं, पुन्हा हुंगलं, चष्मा खाली घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलले नाहीत.

मी पाकीट घेऊन थोरल्या घरी गेलो. माई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, ह्या आडनावाचं कुणी इथे राहत नाही. हे थोरलं घर आहे. सदानंद घरी नव्हता, सून आत होती, आणि मला माईंना ओलांडून हाक मारायची छाती नव्हती. मी परत आलो. नियम माझ्या बाजूला होता. 'ह्या नावाचा इसम येथे राहत नाही' असा शेरा मारायचा आणि पाकीट आलं तिथे पाठवायचं. मी टाक शाईत बुडवला.

मास्तरांनी माझं मनगट धरलं. "इसम रवता," ते म्हणाले. "नावाक जागा नाय."

पाकीट त्यांनी पेटीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सदानंदला निरोप धाडला, सुनेला घेऊन ये, सही करायची आहे.

त्याच दिवशी सकाळी मी थोरल्या घरावरून जात होतो. मासे विकणारी शेवंता अंगणाच्या कडेला पाटी उतरवून बसली होती. अंगणात तिने यायचं नाही, हा रिवाज. सोमवार सोडून रोज त्या घराच्या चुलीवर मासा शिजे. मासा आत जाई, शेवंता बाहेर राही. त्या दिवशी सून खोलीतून उतरली, सरळ पाटीपाशी जाऊन उकिडवी बसली, एकेका बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उचलून बघितला, तीन बाजूला केले आणि चौथा नाकाशी नेऊन परत टाकला. शेवंता हसत सुटली. "माई, तुमच्या सुनेक कोणी शिकवला गो? हात सवयीचो आसा."

माईंना आवडलं. म्हणाल्या, "थोरल्या घरात इला म्हणजे येताच."

दुपारी दोघं पडवीवर आली. सुनेने पावतीवर सही केली, आपल्या त्याच आडनावाने, कारण तिचे कागद अजून बदललेले नव्हते. मास्तर तिच्याकडे न बघता सहीकडेच बघत होते. म्हणाले, "मूळ बोल गो बाये."

तिला थोडं थोडं समजत होतं. सदानंद मध्ये बोलायला लागला तर तिने त्याला थांबवलं, टेबलावरचा एक फुकट गेलेला तारेचा फॉर्म उलटा केला आणि पेन्सिलीने चित्र काढलं. एक मोठं तळं. तळ्यात कमरेइतक्या पाण्यात रांगेने माणसं, हातात ओढायचं जाळं. जाळ्यात मिशीवाला मासा. एका माणसाच्या डोक्यावर टोपी काढली आणि म्हणाली, "रिबार्झ. माझो आजो." त्याच्या शेजारी परकरातली बाई काढली. "रिबार्झोवा. आजी." मग पाकिटावर पाठवणारी म्हणून असलेली आईची सही दाखवली, तीही रिबार्झोवा, आणि शेवटी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. चेहऱ्यावर लपवण्यासारखं काही असल्याची खूण नव्हती. उलट घरचा फोटो दाखवावा तशी ती खूश होती.

सदानंदने उरलेलं सांगितलं. तिकडे बोहेमियात तळी राखून मासे वाढवतात. शरदात तळं रिकामं करून जाळं ओढतात. नाताळात प्रत्येक घर एक मासा जिवंत आणतं आणि सणापर्यंत न्हाणीच्या टबात पोहत ठेवतं.

"न्हाणीत?" मास्तरांनी विचारलं. "मगे माणसा खंय न्हातत?"

"न्हात नाहीत," सदानंद म्हणाला.

मास्तरांनी ही माहिती मनात कुठेतरी ठेवून दिली. मग ते हळू म्हणाले, "रिबार्झ म्हणजे रापण ओढणारो. आणि ही तेची बायल, तेची लेक. आमच्याकडे माशे मारणाऱ्या गाबिताची ती गाबतीण म्हणतत तसा."

सदानंद म्हणाला, तसंच. आधी बापाच्या नावाने, मग नवऱ्याच्या.

"म्हणजे थंय पण बायलमाणसाक कोणाचा तरी असूकच व्हया," मास्तर म्हणाले.

म्हणजे सून शेवंताच्याच जातीची ठरत होती. थोरल्या घराच्या अंगणाच्या कडेला बसलेली शेवंता आता प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे असणार. मग सदानंदने आवाज खाली आणून सुचवलं की मास्तरांनी आईला राजघराणं सांगून टाकावं. बोहेमियात राजे होऊन गेले होतेच. इथून तिथे जाऊन कोण विचारणार? कुणाला कळणार?

"माका कळला," मास्तर म्हणाले.

मला राहवलं नाही. मी त्यांच्यापुढे कधी तोंड उघडत नसे, पण त्या बाईचं लाल नाक आणि मुड्यांची खोली माझ्या डोळ्यांपुढे होती. परक्या गावात खोली न मिळणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "सांगून टाका ना मास्तर. मला नाही का सांगितलंत, मिठाचे बैल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. "तुझा सांगलंय ता माका खरा वाटला म्हणान सांगलंय," ते म्हणाले. "ह्या खोटा आसा म्हणान म्हायत आसा. देवाक सांगू?"

पुढचे दिवस वाईट गेले. माई स्वतः दोनदा पडवीवर आल्या. त्या कुणाच्या पडवीवर जात नसत. बोलल्या एवढंच, "मास्तरानु, कूळ बरा निघूक व्हया." मास्तर म्हणाले, निघेल ते निघेल. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्या परत जायला वळल्यावर मास्तरांनी मागून विचारलं, "माई, तुमचा माहेरचा नाव शेवटचा कोणी घेतला?"

माई थांबल्या. मग पदर डोक्यावर ओढून पायऱ्या उतरल्या. मला तेव्हा लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी त्या घरी नेलेल्या एकाही पत्रावर माईंचं स्वतःचं असं नाव नव्हतं. 'थोरल्या घरी पोचे', नाहीतर 'सदानंदची आई'. मास्तर दोन दिवस पोस्ट माझ्यावर टाकून आरोंद्याला जाऊन आले. कशाला ते सांगितलं नाही. ते दोन दिवस मी टपाल मुळाप्रमाणे लावायचा प्रयत्न केला आणि परबांच्या गडग्यावर नवं भांडण उभं केलं.

जत्रेच्या दिवशी सकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या. माई पुढच्या खांबाशी. सून मागे, भिंतीला टेकून. सदानंद तिच्यापासून चार हातांवर, खिशात बोटीची तिकिटं. मी दाराशी. चौकट धरून उभा होतो, जणू माझंच नाव निघायचं होतं.

मास्तरांनी नारळ हातात घेतला आणि सुरू केलं. त्यांचा गाऱ्हाण्याचा आवाज वेगळा होता, होडी वल्हवल्यासारखा. एक ओढ त्यांची, एक ओढ गावाची.

"बा देवा म्हाराजा, बारा वाडयेच्या धन्या."

"व्हय म्हाराजा."

"तुझी लेकरा आज तुझ्या पायार इली हत."

"व्हय म्हाराजा."

पाऊस झाला, भात झालं, अमक्याच्या मुलाला मुंबईत नोकरी लागली, तमक्याची म्हस सापडली. व्हय म्हाराजा. तुम्ही असं गाऱ्हाणं ऐकलं असेल तर तुम्हाला ठाऊक आहे. दहा वाक्यांनंतर डोकं थांबतं आणि जीभ आपली आपण चालते. मी घाटावरचा, पण माझीही चालत होती. मास्तरांनी ओढ किंचित वाढवली.

"भाटातल्या थोरल्या घरची माई, ही मूळची आरोंद्याच्या नायकांची लेक, आवशीबापाशीन ठेवलेला नाव सुभद्रा. चाळीस वर्सा तिना तुझा घर राखला."

माईंची मान वर झाली. देवासमोर, गावासमोर त्यांचं स्वतःचं नाव कुणी घेतलं होतं. त्यांचा 'व्हय म्हाराजा' सगळ्यांच्या आधी निघाला, आणि फाटक्या आवाजात निघाला. त्या अजून त्या नावातच होत्या, तोवर मास्तरांनी पुढची ओढ घेतली.

"जशी ती लांबसून इली, तशीच तिची सून इली. सात समुद्रापलीकडच्या तळयावयल्या रापणकाराची ही नात, रिबार्झाची रिबार्झोवा."

"व्हय म्हाराजा."

"तिच्या आज्यान माशे मारून प्वाट भरला, कोणाचा लुटून नाय भरला."

"व्हय म्हाराजा."

"आजपासून ही थोरल्या घराची. तिच्या हातचा पाणी त्या घरान पिवचा, आणि तिचा प्वार तुझ्या पायार घालूचा."

"व्हय म्हाराजा," सगळं देऊळ म्हणालं. पुढच्या खांबापासून माईंचाही आवाज त्यात होता. मी कान देऊन ऐकत होतो. मी शपथेवर सांगू शकतो.

नारळ फुटला. आणि मग, होडी काठाला लागल्यावर माणसं भानावर येतात तशी, माणसं एकमेकांकडे बघू लागली. काय कबूल केलं आपण?

माई मास्तरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मास्तरानु, माका फशिवलात."

"देवाक खोटा सांगलंय काय?"

"नाय."

"मगे? मी सांगलंय. व्हय तुमी म्हटलात."

माई वळल्या. पदर सावरून एकट्याच घरी गेल्या. सदानंदने तिकिटं चाचपली. बोट दुसऱ्या दिवशी दुपारची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थोरल्या घरचं रजिस्टर पाकीट घेतलं, तेच, इतके दिवस पेटीत राहिलेलं. खरं म्हणजे सही झाल्यावर ते त्याच दिवशी द्यायला हवं होतं. पण मास्तरांनी थांबवलं होतं. म्हणाले, नाव पोचू दे, मग पाकीट ने. इन्स्पेक्टरसाहेबांना हे कळलं असतं तर... पण जाऊ दे.

माई पायरीवर बसल्या होत्या. पडवीत ट्रंक बांधलेली होती. सून आतून आली. आतून, म्हणजे स्वयंपाकघराच्या बाजूने. हातात तांब्या. तिने तो माईंसमोर धरला आणि उभी राहिली. माई तांब्यातल्या पाण्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की मी पाकीट धरलेला हात बदलला. मग त्यांनी तांब्या घेतला, वरून धार धरून प्याल्या, आणि तोंड वाकडं केलं.

"खारा आसा," त्या म्हणाल्या. "ह्या खालच्या बावडेचा. उद्यापासून वयल्या बावडेचा हाड."

तिला किती कळलं कोण जाणे. पण सासूने पाणी आणायचं काम सांगितलं हे कुठल्याही मुलखातल्या सुनेला कळतं. पाकीट मी तिच्या हातात दिलं आणि ट्रंक सुटली. सदानंद रजा संपल्यावर एकटाच बोटीने गेला. ती बाळंतपणाला सासूपाशी राहिली.

गाव मात्र गाव होतं. चार दिवसांत ते तळं मोठं झालं. आठवड्यात सुनेचा आजा त्या तळ्याचा मालक झाला. महिन्याभरात तळ्याकाठी संस्थान उभं राहिलं, आणि शिंपी मला सांगत होता की तिकडचे राजे न्हाणीत मासे बाळगतात. मास्तर हे ऐकून चष्मा कपाळावर चढवीत आणि म्हणत, "मुळावर या." पण भांडत नसत. शेवंता अजूनही अंगणाच्या कडेलाच बसे. तेवढं गाऱ्हाण्याने बदललं नाही. सून कडेला जाऊन तिच्याशेजारी बसे, एवढाच फरक. पुढे पुढे माई त्या दोघींना पायरीवरून ओरडून भाव सांगू लागल्या.

मास्तर त्यानंतर सहा-सात वर्षांनी गेले. लावणीचे दिवस होते. सकाळी मी थैली घेऊन गेलो तर पाकिटं लावलेली होती, मुळाप्रमाणे, आणि ते खुर्चीत होते, चष्मा कपाळावर. मी थोडा वेळ त्यांच्या बोलण्याची वाट बघत उभा राहिलो.

त्या वर्षीच्या जत्रेला मानकऱ्यांचा पुतण्या मुंबईहून आला. गाऱ्हाणं त्याने कागदावर लिहून आणलं होतं. वर्षात वारलेल्यांची नावं आली तेव्हा त्याने मास्तरांचं नाव घेतलं, आणि "मूळचे" एवढं म्हणून थांबला. कागदावर पुढे जागा सोडलेली होती. त्याने गावाकडे पाहिलं. गावाने एकमेकांकडे पाहिलं. आमच्यातल्या प्रत्येकाचा पणजा त्या माणसाने शोधून दिला होता, आणि तो कुठून आला हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. एक म्हातारा पुटपुटला की ते फार वर्षांपूर्वी शाळेवर बदलून आले, एवढंच आठवतं. खोटं सांगायला कुणी धजेना. ते त्यांनीच शिकवलं होतं.

पुढच्या खांबाशी माई होत्या. एका हाताला सून, दुसऱ्या हाताला निळ्या डोळ्यांचा नातू.

"अडलंस कित्याक रे?" माई म्हणाल्या. "सांग देवाक. आमच्याच घरचो."

पुतण्याने तसं सांगितलं.

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं. मला म्हणायला जरा वेळ लागला, त्यामुळे माझं एकट्याचं सगळ्यांच्या मागून आलं.